गोव्यातील हिंदू धर्माची जडणघडण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुलदेवतेचे मूळ गाव शोधणारे, देवस्थान समितीवर नव्याने निवडून आलेले आणि शाळा-महाविद्यालयांत गोव्याचा इतिहास शिकवणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. आख्यायिका कुठली आणि पुरावा कुठला, हे शक्य तिथे वेगळे करून सांगितले आहे. दोन्ही महत्त्वाचे आहेत, पण एकाच्या जागी दुसरे वापरले की घोटाळा होतो.

गोव्यात हिंदू धर्म नेमका कधीपासून आहे?

याचे उत्तर एका सालात देता येत नाही. सांगे तालुक्यात कुशावतीच्या काठी उसगाळीमळ येथे जांभ्या दगडाच्या सड्यावर बैल, हरणे, मानवाकृती आणि चक्रव्यूहासारखी वर्तुळे कोरलेली आहेत. अभ्यासकांच्या नजरेत ती १९९३ साली आली. ती प्रागैतिहासिक आहेत, पण त्यांना हिंदू म्हणण्याची घाई करू नये. तिथे ना देवाचे नाव आहे, ना मंत्र. फार तर निसर्गातल्या शक्तीपुढे हात जोडणारी माणसे इथे राहत होती, एवढे म्हणता येते.

लेखी पुरावा सुरू होतो तो भोज राजांच्या ताम्रपटांपासून. शिरोड्याला मिळालेला देवराज भोजाचा ताम्रपट साधारण चौथ्या-पाचव्या शतकातला आहे. या घराण्याची राजधानी चंद्रपूर, म्हणजे आजचे चांदर. तोवर उत्तरेत वेद, ब्राह्मणग्रंथ आणि उपनिषदे रचली जाऊन कित्येक शतके लोटली होती. यज्ञप्रधान धर्माच्या शेजारी शिव, विष्णू आणि देवी यांची मंदिरपूजा उभी राहत होती. त्यामुळे गोव्यात निव्वळ वैदिक धर्म आला आणि मग बदलत गेला, असे चित्र चुकीचे ठरते. जे आले ते आधीच मिसळलेले होते, आणि इथे आल्यावर वारूळ, राखणदार आणि देवराई यांच्याशी त्याची गाठ पडली.

परशुरामाने समुद्र हटवून गोवा वसवला, हा इतिहास मानावा का?

ही कथा कोकणपट्टीभर सांगितली जाते आणि सह्याद्रिखंडात तिचा विस्तार आहे. त्रिहोत्रातून आणलेली ब्राह्मण कुळे मठग्राम, कुशस्थळी, केळोशी अशा गावांत वसवल्याचे वर्णनही त्यात येते. घटनेची तारीख म्हणून ही कथा वापरता येत नाही. वसाहतीची आठवण म्हणून मात्र ती मोलाची आहे, कारण त्यातली कित्येक गावे खरोखरच जुन्या देवस्थानांची गावे आहेत.

सांतेरी आणि शांतादुर्गा एकच का?

आज बहुतेक ठिकाणी एकच मानतात. मात्र त्यामागे बऱ्याच शतकांची वाटचाल आहे, आणि गोव्यातला धर्म कसा घडला हे समजायला याहून चांगले उदाहरण नाही.

सांतेरी ही मुळात भूमी. तिचे रूप म्हणजे वारूळ, गोव्याच्या बोलीत रोयण. मूर्ती नाही, मुखवटा नाही, जमिनीतून आपोआप वर आलेली माती हीच देवी. पुढे वारुळासमोर कलश आला, मग धातूचा मुखवटा, मग पाषाणमूर्ती. त्याच ओघात तिला पुराणातली कथा मिळाली: शिव आणि विष्णू यांचे युद्ध पेटले तेव्हा देवी मध्ये उभी राहिली आणि दोघांना शांत केले, म्हणून ती शांतादुर्गा. जुने पुसून नवे लिहिले, असे इथे झाले नाही. जुन्याच्या शेजारी नवे बसले. त्यामुळे मूर्तीच्या मागे किंवा बाजूच्या खोलीत अजूनही रोयण असलेली देवळे सापडतात.

समित्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. रोयण ही वाळवीने बांधलेली जिवंत वास्तू आहे आणि तिला जमिनीतला ओलावा लागतो. गर्भागारात भिंतीपासून भिंतीपर्यंत सिमेंट ओतून फरशी बसवली की खालचा ओलावा तुटतो, वाळवी निघून जाते आणि काही वर्षांत मातीचा ढिगारा भुगा होऊ लागतो. लाकडी छपराला वाळवी लागेल म्हणून औषध मारले तरी तोच परिणाम होतो. रोयणीभोवती मातीचा मोकळा पट्टा ठेवावा आणि छपराच्या लाकडाची काळजी वरच्या वर घ्यावी.

बेताळ, रवळनाथ, केळबाय हे गौण देव आहेत का?

गाव चालवण्याच्या दृष्टीने अजिबात नाहीत. गावची सीमा, पेरणी, रोगराई, जमिनीचा तंटा या सगळ्यांचे गाऱ्हाणे त्यांच्यापुढेच घातले जाते. लोलयेचा पाषाणी बेताळ नग्न, उग्र आणि भव्य आहे. बेताळ रात्री गावची फेरी मारतो या श्रद्धेने त्याला वहाणा अर्पण करतात. केळबाय म्हणजे हत्तींनी अभिषेक केलेली गजलक्ष्मी, रवळनाथ भैरवाचे रूप. एका गावच्या अशा देवांच्या समूहाला बारापाच म्हणतात. कौल लावताना ओल्या पाकळ्या देवाच्या अंगावर चिकटवतात आणि आधी उजवी पडली की होकार धरतात. पाकळ्या किती आणि कुठे लावायच्या, हे प्रत्येक देवळाचे वेगळे असते. शेजारच्या गावचा नियम आपल्याकडे लावू नये.

बौद्ध आणि जैन धर्म इथे होते का?

होते. कोलवाळला १९३० साली फादर हेरास यांना बुद्धमूर्ती मिळाली. बांदिवडे येथे नेमिनाथ बस्तीचे, म्हणजे जैन मंदिराचे, अवशेष आहेत. हरवळ्याच्या कोरीव लेण्यांत आज शिवलिंगे आहेत. प्रत्येक लेण्याला ‘पांडवांची गुंफा’ म्हणण्याची सवय मात्र सोडायला हवी. त्या नावाखाली खरा काळ आणि खरे बांधकाम दोन्ही झाकले जातात.

कदंबकाळातले देऊळ कसे ओळखावे?

उभे असलेले उत्तम उदाहरण म्हणजे तांबडी सुर्ला येथील महादेव मंदिर, साधारण बाराव्या-तेराव्या शतकातले. आधी दगड पाहा. गोव्यात घरे-देवळे बांधायला सर्रास वापरतात तो चिरा, म्हणजे जांभा. तो सच्छिद्र असल्याने त्यावर बारीक नक्षी टिकत नाही. तांबडी सुर्ल्याचे देऊळ काळ्या बेसॉल्टचे आहे. मग रचना पाहा: गर्भगृह, अंतराळ आणि खांबांचा मंडप एका ओळीत, तोंड पूर्वेला, छताला कमळ, खांबाच्या तळाशी घोड्याला तुडवणारा हत्ती. घनदाट रानात, घाटाच्या पायथ्याशी असल्यामुळेच ते वाचले असावे.

कदंब राजे स्वतःला ‘श्रीसप्तकोटीश्वर लब्ध वरप्रसाद’ म्हणवत आणि ही अक्षरे त्यांच्या सोन्याच्या नाण्यांवरही आहेत. त्यांच्या काळातले वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मृतिशिळा, जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहेत. त्यांवर कोरलेल्या नौकायुद्धांवरून या राज्याचे आरमारी बळ कळते.

देवळे केव्हा आणि कशी पाडली गेली?

तीन टप्पे लक्षात ठेवावेत. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी तिसवाडी घेतली, पण लगेच सरसकट पाडापाड झाली नाही. १५४० च्या सुमारास तिसवाडीतली देवळे पाडली गेली. १५४१ मध्ये देवळांच्या जमिनींचे उत्पन्न ख्रिस्ती धर्मसंस्थांकडे वळवले गेले. हा घाव इमारत पाडण्याइतकाच खोल होता, कारण पूजा, दिवाबत्ती आणि सेवेकऱ्यांचा उदरनिर्वाह त्या जमिनींवर चालत असे. बारदेस आणि साष्टी हे प्रांत १५४३ मध्ये पोर्तुगीजांकडे गेले आणि तिथली मोठी पाडापाड १५६० च्या दशकात झाली. साष्टीतल्या १५६७ च्या मोहिमेत सुमारे २८० देवळे नष्ट झाल्याची नोंद आहे. इन्क्विझिशन, म्हणजे ख्रिस्ती धर्मन्यायालय, १५६० मध्ये सुरू झाले, १७७४ मध्ये बंद झाले, १७७८ मध्ये पुन्हा सुरू झाले आणि १८१२ मध्ये कायमचे गेले.

‘साडेचारशे वर्षे संपूर्ण गोव्यात हिंदू धर्मावर बंदी होती’ असे वाक्य पुष्कळदा ऐकू येते. ते बरोबर नाही. फोंडा १७६३ मध्ये, सांगे, केपे व काणकोण त्याच सुमारास, डिचोली व सत्तरी १७८० च्या दशकात आणि पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीजांकडे आले. या नव्या काबिजादीत, म्हणजे नंतर जिंकलेल्या मुलखात, हिंदूंच्या देवळांना आणि रीतींना हात न लावण्याचे धोरण होते. जुन्या काबिजादीतले तीन तालुके (तिसवाडी, बारदेस, साष्टी) आणि नवी काबिजाद यांचा धार्मिक इतिहास वेगळा आहे. तो वेगळाच लिहायला हवा.

देव फोंड्यालाच का गेले?

कारण नदी ओलांडली की दुसरे राज्य लागत होते. १५६० च्या दशकात अंत्रुज, म्हणजे फोंडा महाल, विजापूरच्या आदिलशाहीत होता. जुवारीच्या एका काठावर देवाची मूर्ती ठेवणे गुन्हा होता, समोरच्या काठावर नव्हता. डोंगरांमधल्या कुळागरांत (सुपारीच्या बागांत) लपायला जागा होती, पाणी होते, आणि मूळ गावाशी संबंध तोडावा लागत नव्हता.

कुशस्थळीचा, म्हणजे कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला. केळोशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, लोटलीचा रामनाथ आणि कोलव्याची महालक्ष्मी बांदिवड्याला, रायची कामाक्षी शिरोड्याला, चोडणचा देवकीकृष्ण माशेलला. सगळेच अंत्रुजला गेले असेही नाही. मडगावचा दामोदर जांबावलीला आणि तिसवाडीतल्या करमळीचा ब्रह्मदेव सत्तरीच्या रानात गेला. उलट बांदिवड्याचा नागेश मूळचा तिथलाच आहे. त्याच्या आवारात १४१३ चा शिलालेख आहे. फोंड्यातले प्रत्येक देऊळ ‘पळवून आणलेल्या देवाचे’, असे सांगणाऱ्या वाटाड्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे.

कुंकळ्ळीची शांतादुर्गा फातर्प्याला गेली. त्या गावाने १५८३ मध्ये केलेला प्रतिकार आणि नंतर गावच्या पुढाऱ्यांची झालेली कत्तल हा वेगळ्या अभ्यासाचा विषय आहे. पण नाते तुटले नाही. दरवर्षी शिगम्यात देवी फातर्प्याहून कुंकळ्ळीला मिरवत येते. बरोबर बारा वांगडांच्या, म्हणजे घराण्यांच्या, बारा छत्र्या असतात. ख्रिस्ती झालेली घराणीही हा दिवस आपला मानतात.

फोंड्यातली देवळे घुमटाची आणि चर्चसारखी का दिसतात?

आश्रयाला आलेल्या देवांना सुरुवातीला साध्या छपराखाली ठेवले होते. आज दिसणाऱ्या इमारती मुख्यत्वे सतराव्या-अठराव्या शतकानंतरच्या, म्हणजे सौंध्याचे राजे आणि मराठे यांच्या काळापासूनच्या. कवळ्याचे सध्याचे देऊळ शाहू महाराजांचे मंत्री नारोराम यांच्या पुढाकाराने १७३० च्या दशकात उभे राहिले. ते बांधणारे गवंडी चिऱ्यात आणि चुन्यात काम करत. जवळच्या चर्चची कमान, गोल खिडकी आणि अर्धस्तंभ त्यांच्या हातात बसलेले होते. घुमटावर दख्खनी वळण आहे. पण आतली मांडणी पूर्ण हिंदू आहे: गर्भकुडी, चौक, सभामंडप, बाहेर तुळशीवृंदावन, दीपमाळ, नगारखाना, तळी आणि यात्रेकरूंसाठी अग्रशाळा. ही देवळे भ्रष्ट नक्कल नाहीत. गोव्याच्या कारागिरांनी घडवलेली ती स्वतंत्र शैली आहे आणि तिचा अभिमान धरावा.

आमच्या कुलदेवतेचे मूळ गाव कसे शोधावे?

आधी घरात चार गोष्टी लिहून घ्या: गोत्र, कुलदेव, कुलदेवी आणि आडनावाआधीचे जुने आडनाव. नंतर देवळात जाऊन मुख्य देवाबरोबर परिवारदेवतांची नावे उतरवा. स्थलांतरात गावचा सगळा समूह बहुधा एकत्र हलला, त्यामुळे परिवारदेवता मूळ गावाकडे बोट दाखवतात. तिसरा आधार महाजनांच्या नोंदवहीचा. चौथा, गोकर्ण किंवा नाशिकच्या क्षेत्रोपाध्यांच्या वह्या, जिथे पूर्वजांच्या हातची गावासह नोंद सापडू शकते.

शोध चुकतो तो बहुतेक वेळा नावसाधर्म्याने. शांतादुर्गा कवळ्याची, फातर्प्याची, धारगळची अशा अनेक आहेत. नुसते ‘शांतादुर्गा’ सांगून काही कळत नाही. म्हाळसेचेही तसेच: जेजुरीची म्हाळसा खंडोबाची पत्नी, तर म्हार्दोळची म्हाळसा म्हणजे विष्णूचे मोहिनीरूप. महाराष्ट्रात वाढलेली गोमंतकीय कुटुंबे इथे हमखास गोंधळतात आणि चुकीचा कुलाचार पाळू लागतात.

महाजन आणि कुळावी यांत फरक काय?

कुळावी म्हणजे ज्याचा तो कुलदेव आहे असा कोणीही. महाजन म्हणजे देवस्थानच्या कारभारात कायदेशीर हक्क असलेला. पोर्तुगीज सरकारने देवस्थानांसाठी १८८६ मध्ये नियम केले आणि ३० मार्च १९३३ च्या कायद्याने ते नव्याने बांधले. हाच देवस्थान नियमन कायदा गोव्यात आजही चालतो. तालुक्याचा मामलेदार देवस्थानांचा प्रशासक असतो. दर तीन वर्षांनी महाजन समिती निवडतात, तिच्यात अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि मुखत्यार असतात. कोर्टकचेरीत देवस्थानची बाजू मुखत्यार मांडतो.

वाद कुठे होतात? महाजनकी बहुतेक ठिकाणी ठरावीक घराण्यांपुरती आहे, मग गावात पिढ्यान् पिढ्या सेवा करणारे इतर समाज कारभाराबाहेर राहतात. पालखीला खांदा कोणी द्यायचा, सभामंडपात कोणी कुठवर यायचे, यावरून तंटे मामलेदारापर्यंत जातात. हक्क परंपरेचा म्हणून मागितला जातो, पण त्याची कागदावरची रूपे एकोणिसाव्या-विसाव्या शतकात पक्की झाली, हे दोन्ही बाजूंनी लक्षात घेतले तर बोलणे सोपे होईल. सेवा करणाऱ्याला उंबऱ्याबाहेर ठेवणे आम्हाला धर्माला धरून वाटत नाही.

शिलालेखातले शके इसवी सनात कसे बदलावे?

शकात ७८ मिळवा. मात्र पौषाचा उत्तरार्ध, माघ किंवा फाल्गुन असेल तर इंग्रजी वर्ष बदललेले असते, तेव्हा ७९. नार्वे येथील सप्तकोटीश्वराच्या देवळावर शिवाजी महाराजांच्या आज्ञेने काम सुरू झाल्याचा लेख आहे: शके १५९०, कार्तिक महिना. म्हणजे १६६८. मूळ देऊळ दिवाडी बेटावर होते. चौदाव्या शतकात बहमनींनी पाडले, विजयनगरच्या माधव मंत्र्याने पुन्हा उभारले, १५६० च्या सुमारास पोर्तुगीजांनी पुन्हा पाडले आणि लिंग नदीपलीकडे नार्व्याला आले. एकाच देवाच्या वाट्याला आलेली ही चार राज्ये गोव्याचा इतिहास सांगायला पुरेशी आहेत.

कीर्तन-भजन मराठीत का?

कारण इथला भक्तिसंप्रदाय मराठी ग्रंथांवर वाढला. केळोशीच्या कृष्णदास शामाने शके १४४८, म्हणजे १५२६ मध्ये कृष्णचरित्रकथा मराठीत लिहायला घेतली. अठराव्या शतकात नाथपंथी सोहिरोबानाथ आंबियांची पदे घरोघर पोचली. घरात कोकणी आणि देवापुढे मराठी ही वाटणी गोमंतकीयांना कधी खटकली नाही. सांखळीच्या विठ्ठल मंदिरातली चैत्री आणि १८९८ पासून चालत आलेला वास्कोचा दामोदर भजनी सप्ताह याच परंपरेतले. मठांपैकी कवळे मठ स्मार्त, तर पर्तगाळ मठ माध्व वैष्णव.

विसाव्या शतकात काय बदलले?

पणजीत महालक्ष्मीच्या देवळाला १८१८ मध्येच परवानगी मिळाली होती. १९१० मध्ये पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आले आणि हिंदूंना कायद्याने बरोबरीचे स्थान मिळाले. १९२८ मध्ये मसूरकर महाराजांच्या पुढाकाराने अनेक गावडे कुटुंबे शुद्धी होऊन हिंदू झाली. त्यांना पुढे ‘नवहिंदू’ म्हणून वेगळे धरले गेले, आणि हे वेगळेपण धर्मात परत घेणाऱ्या समाजाला शोभणारे नव्हते. १९६१ च्या मुक्तीनंतर मूळ गावांत काही देव परतले. वेर्ण्याला म्हाळसेचे देऊळ पुन्हा उभे आहे. साळावलीच्या धरणामुळे कुर्डीचे महादेव मंदिर दगडांना क्रमांक देऊन सुटे केले गेले आणि दुसरीकडे जसेच्या तसे उभारले गेले.

जीर्णोद्धार करताना जुना दगड निघाला तर?

काम तिथेच थांबवा. दगड ज्या जागी, ज्या बाजूला तोंड करून आहे तसाच ठेवून चारही बाजूंनी फोटो घ्या. शेजारी मोजपट्टी धरा आणि जमिनीपासूनची खोली लिहा. तारेच्या ब्रशने घासू नका, आम्ल लावू नका. अक्षरे असतील तर त्यांत रंग किंवा शेंदूर भरू नका, कारण भरणारा आपल्याला वाटले तसे अक्षर वळवतो आणि खरा पाठ कायमचा जातो. तिरप्या उजेडात, सकाळी किंवा बॅटरी बाजूने धरून काढलेल्या फोटोत झिजलेली अक्षरेही उठून दिसतात. मग पुरातत्त्व खात्याला लेखी कळवा आणि पोच घ्या.

खंडित मूर्ती विसर्जित करायची रूढी आहे, तिचा मान राखूनही मूर्ती तळीत किंवा खाडीत टाकण्याआधी खात्याच्या माणसाला दाखवा. वीरगळ आणि सतीशिळा तर पूजेच्या मूर्तीच नव्हेत, त्यांचे विसर्जन करण्याचे काही कारण नाही. त्यांना आवारात छपराखाली, जमिनीपासून हातभर उंच चौथऱ्यावर ठेवा, म्हणजे पावसाळ्यात खालून ओल चढणार नाही आणि शेवाळ धरणार नाही.